सह्याद्रीचा पक्षी, लंडनचा कुंचला

साशंक : ताई, एकोणिसाव्या शतकात हातानं रंगवलेल्या पक्षिचित्रांच्या प्रती भोर-वेल्ह्यातल्या शाळांमधून लावाव्यात, असा तुमचा आग्रह आहे. चित्रं देखणी आहेत, त्यावर माझा वाद नाही. पण ज्यांनी ती काढली त्यांनी आपला डोंगर पाहिलेला नव्हता, पक्षी उडताना पाहिलेला नव्हता, त्याचा आवाज ऐकलेला नव्हता. त्यांच्या टेबलावर होतं ते कापूस भरलेलं कातडं, पायाला चिठ्ठी बांधलेलं. केळदच्या, मढे घाटाच्या अंगाला राहणाऱ्या पोराला धायटीच्या फुलांवर शिंजीर दिसतो तो हलता, भांडकुदळ, क्षणात लालभडक आणि सावलीत गेला की काळपट. त्या पोराला आपण लंडनमध्ये रंगवलेलं कातडं दाखवायचं आणि सांगायचं, की बघ बाळा, हा तुझा पक्षी. अस्सल त्याच्या दारात आहे आणि आपण त्याच्या हातात नक्कल ठेवतोय.

रसिक : नक्कल म्हणून मी ती देतच नाही. तुम्ही शिंजिराचं नाव काढलंत, त्याच्यावरच बोलू. सह्याद्रीत व्हिगर्सचा शिंजीर म्हणून एक जात आहे. पश्चिम घाट सोडला तर जगात ती दुसरीकडे नाही. तिची शास्त्रातली पहिली नोंद कर्नल विल्यम हेन्री साइक्सची, १८३२ सालची. हा मुंबई फौजेतला अधिकारी, खडकी आणि पुण्याच्या लढायांत आपल्या विरुद्ध बाजूनं लढलेला. पुढं १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टननं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. माती, पाऊस, पिकं, माणसं यांच्या नोंदी करत हिंडताना त्यानं पक्षी, जनावरं, मासेही जमवले. १८३१ मध्ये तो मायदेशी गेला आणि दुसऱ्याच वर्षी दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात छापून आली. आपल्या भातखाचरांतली ढोकरीसुद्धा शास्त्रात त्याच यादीतून गेली. मोठी कामाची यादी आहे ती, पण तिच्यात चित्र एकही नाही. शिंजिराचा गळा लाल आहे असं लिहिलं, तर कुठला लाल? पांगाऱ्याचा, पळसाचा, की कुंकवाचा? शब्द तिथं थांबतात. जॉर्ज शेलीनं १८७६ ते १८८० या काळात जगातल्या सगळ्या शिंजिरांवर ग्रंथ काढला, केउलेमान्स या डच चित्रकाराकडून १२१ चित्रं करून घेतली आणि प्रत्येक चित्र हातानं रंगवून घेतलं. लाल कुठला, या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे. मला मुलांना उत्तर दाखवायचं नाही. एका इवल्याशा पक्ष्याच्या गळ्याचा रंग नेमका सांगता यावा म्हणून माणसांनी किती खटाटोप केला, तो दाखवायचा आहे.

साशंक : खटाटोप कुणी केला, ते तर त्या चित्रात कुठं दिसतच नाही! खाली नाव चित्रकाराचं, फार तर छापणाऱ्याचं. पण दगडावरून उतरायचा तो काळा छाप. रंग भरणारे हात वेगळेच. पगारी हात, ओळीनं बसलेले, पुढ्यात नमुन्याचा कागद ठेवून. त्यांनी पक्षी तर सोडाच, कातडंही पाहिलेलं नसायचं. नमुना पाहून रंगवायचं. म्हणजे पक्ष्यावरून कातडं, कातड्यावरून चित्र, चित्रावरून दगड, दगडावरून छाप, आणि छापावर नमुन्यावरून रंग. पाच पायऱ्या उतरून आलेल्या लालाला तुम्ही नेमका म्हणता?

रसिक : हो, आणि का म्हणते तेही सांगते. दगडावर चरबट खडूनं चित्र काढायचं, तेही उलटं, म्हणजे कागदावर सुलट उतरेल. शिळाछाप आपल्याला परकी नाही. गणपत कृष्णाजींनी मुंबईत पहिलं मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर, १८३१ साली. बरोबर त्याच सुमाराला लंडनमध्ये एलिझाबेथ गूल्ड, नवरा जॉन गूल्ड याच्या ग्रंथासाठी, हिमालयातल्या पक्ष्यांची चित्रं दगडावर काढत होती. छाप निघाला की पक्षी नुसत्या करड्या-काळ्या रेघांचा. मग चित्रकार स्वतः एक कागद रंगवून देई, तो नमुना. रंगारी सगळ्या गठ्ठ्याला आधी एक हलका हात देत, तो वाळला की त्यावर दुसरा, मग पिसांच्या कडा, शेवटी डोळा. जिथं चकाकी हवी तिथं डिंकाचं पाणी. आता शेलीच्या ग्रंथाच्या शंभर प्रती धरल्या तरी १२१ गुणिले शंभर, म्हणजे बारा हजार एकशे कागद झाले, आणि प्रत्येकावर पुन्हा पुन्हा कुंचला टेकवायचा. नमुन्यापासून हात ढळला तर तो कागद बाद. पाच पायऱ्या आहेत खऱ्या, पण प्रत्येक पायरीवर कुणीतरी रोखून पाहत होतं. एकट्या प्रतिभावंताच्या चित्रापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं. आणि हात सगळेच बेनावाचे राहिले असंही नाही. गूल्डकडच्या रंगाऱ्यांचा मुख्य गॅब्रिएल बेफिल्ड होता, हे आपल्याला माहीत आहे.

साशंक : एक बेफिल्ड. बाकीचे?

रसिक : बाकीचे गेले. त्याचं मलाही वाईट वाटतं.

साशंक : बरं, हात राहू द्या, रंगाकडे येऊ. तुमचा सगळा भर रंगाच्या नेमकेपणावर आहे ना? पण जो लाल त्या काळी वापरला जायचा तो बहुधा किरमिजी, किड्यापासून काढलेला. उजेडात तो विटतो. पांढऱ्यासाठी शिशाचा सफेता, तो शहरातल्या गंधकाच्या हवेनं काळवंडतो. कित्येक जुन्या चित्रांत पक्ष्याची पांढरी छाती आज राखाडी दिसते. म्हणजे १८८० चा नेमका लाल आज आपल्यासमोर नाहीच. समोर आहे तो दीडशे वर्षांनी उरलेला लाल, वर त्याचा काढलेला फोटो, आणि आपण तो छापणार आणखी तिसऱ्याच शाईत. दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. शिंजिराच्या डोक्यावरची ती हिरवी-जांभळी झाक म्हणजे रंग नव्हेच. पिसाच्या घडणीतून उजेड फुटतो आणि ती झाक दिसते. पक्ष्यानं मान वळवली की ती जाते. कागदावर तुम्ही डिंक लावा, नाहीतर गूल्डनं गुंजनपक्ष्यांच्या चित्रांत लावला तसा सोन्याचा वर्ख लावा, ती झाक एका जागी गोठणारच. ज्या गोष्टीचा जीवच हलण्यात आहे ती तुम्ही खिळा मारून ठेवता.

रसिक : यातलं पहिलं मला मान्य आहे आणि त्याला उपाय नाही, फक्त ते चित्राखाली प्रामाणिकपणे लिहावं लागेल. दुसरं मात्र मी असं सहज सोडणार नाही. तुमच्या पोराला धायटीवर शिंजीर किती वेळ दिसतो? उन्हात एक झलक, की गेला. छातीच्या लालावर बारीक पिवळ्या रेघा असतात आणि खाली पोट करडं असतं, हे त्यानं कधी पाहिलंय का, त्याला विचारा. कमरेवरचा पिवळा पट्टा तर पंख मिटले की झाकूनच जातो. हलता पक्षी बघताना आपण ‘लाल शिंजीर’ एवढंच बघतो आणि पुढं जातो. चित्र पक्ष्याला थांबवतं, हे तुम्ही दूषण म्हणून सांगता. मी म्हणते, तेच तर त्याचं काम आहे. आधी पिवळ्या रेघा कागदावर पाहिल्या की पुढच्या वेळी त्या फांदीवर दिसतात. मी हे मुलांच्या बाबतीत होताना पाहिलं आहे. चित्र पाहून झाल्यावर मुलगी म्हणते, ‘बाई, याची मादी कुठाय?’ कारण मादी असते मळकट हिरवी. ती तिला अंगणातही दिसत असणार, पण त्याच पक्ष्याची मादी म्हणून कधी दिसली नव्हती.

साशंक : हे खरं आहे, आणि ते मी मनाशी ठेवतो. पण मग चित्रानं आणखी काय काय थांबवलं तेही बघा. मलबारी शीळकरी कस्तूर घ्या. पावसाळ्यात गुंजवणीच्या, कानंदीच्या ओढ्यांवर पहाटे तो शीळ घालतो. कोणी माणूसच उगाच शीळ घालत चाललाय असं वाटावं, सूर धरल्यासारखा करतो आणि मधेच सोडून देतो. निळा-काळा पक्षी, कपाळावर आणि खांद्यावर निळ्याची ठिणगी. १८३१ मध्ये व्हिगर्सनं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. गूल्डच्या त्या हिमालयाच्या ग्रंथात, जिथली चित्रं एलिझाबेथनं दगडावर काढली, त्याचं चित्र आहे. हिमालयाच्या! हा पक्षी हिमालयात राहतच नाही, तो सह्याद्रीचा. कातडं कुठून आलं याची चिठ्ठी चुकली असेल, नाहीतर एका पेटीत दोन मुलखांचे पक्षी मिसळले असतील. कातड्याला गाव नसतं. आणि चित्र इतकं सुबक, इतकं खात्रीचं दिसतं, की त्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. उलट बाजूही सांगतो. साइक्सनं एका रातव्याच्या नावात मराठ्यांचा मुलूख घातला, काप्रिमुल्गस महरात्तेन्सिस. त्या रातव्याचं खरं घर सिंध, कच्छ, राजस्थान असं वायव्येला; इकडे येतो तो थंडीतला पाहुणा म्हणून. म्हणजे जो आपला तो हिमालयाला दिला आणि जो पाहुणा त्याला आपलं नाव दिलं. वरची नावं बघा : शिंजीर व्हिगर्सचा, कस्तूर हॉर्सफील्डचा, ढोकरी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रेची, मोठा राखी सातभाई गव्हर्नर माल्कमचा. एका टेबलाभोवती बसलेल्या माणसांनी एकमेकांना पक्षी वाटून घेतले.

रसिक : नावांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. तरी साइक्सच्या बाबतीत एवढं म्हणेन, की पुढं दख्खनच्या माशांवर लिहिताना त्यानं इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावं तशीच शास्त्रात नेली. शिंगटी, कोळशी. भीमेच्या, नीरेच्या काठची ही नावं लॅटिन धाटणीत आजही टिकून आहेत. पक्ष्यांच्या बाबतीत त्यानं तसं केलं असतं तर काय बहार झाली असती! पण कस्तुराच्या चुकीकडे मी तुमच्यासारखी पाहत नाही. ती चूक सापडली कशी? कातडं जपलेलं होतं, वर्णन छापलेलं होतं, चित्र सगळ्यांच्या समोर होतं, म्हणून. कुणीतरी मलबारातला पक्षी आणून शेजारी ठेवला असेल आणि म्हणालं असेल, अहो, हा तर तोच. तोंडी सांगितलं असतं तर चूकही हवेत विरली असती आणि दुरुस्तीही. शास्त्रात चुकीला उघड्यावर राहावं लागतं, तेव्हाच तिला धरता येतं.

साशंक : पण ती चूक इथल्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगता आली असती, ताई. तोरण्याखालच्या धनगराला, महादेव कोळ्याला, कातकऱ्याला तो पक्षी ठाऊक होता. कुठल्या ओढ्याला, कुठल्या नक्षत्रात, घरटं कड्याच्या कुठल्या कपारीत, हे सगळं. त्याला कुणी विचारलं नाही. साइक्सला पक्षी मारून आणून देणारे हात कुणाचे होते? वाट दाखवणारे, फास लावणारे? त्यांची नावं त्या यादीत नाहीत. आणि चित्र काढू शकणारी माणसं इथं नव्हती असं तर मुळीच नाही! साइक्सच्या किती आधी, १७९० मध्ये, पुण्याच्या गंगाराम चिंतामण नवगिरे तांबटानं पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं चित्र काढलं. तेही समोर उभ्या, श्वास घेणाऱ्या जनावरावरून. ते चित्र आज अमेरिकेत, येलला आहे. शनिवारवाड्यापासून तोरण्याचं अंतर ते केवढं! हा माणूस, किंवा त्याच्या हाताखाली शिकलेलं कुणी, मढे घाटात जाऊन शिंजीर रंगवू शकलं असतं. तसं झालं नाही. का झालं नाही, हा प्रश्न तुमच्या देखण्या चित्रामागे झाकला जातो. मी चित्राला भितो तो त्यासाठी.

रसिक : तुमचा हा मुद्दा मला सगळ्यात जिव्हारी लागतो. त्यात मी भरच घालते. इतर ठिकाणी थोडं झालं होतं. जर्डननं मद्रासेत १८४३ ते १८४७ मध्ये भारतीय पक्ष्यांची पन्नास चित्रं प्रसिद्ध केली, मूळ हात भारतीय चित्रकारांचा. हार्डविक आणि ग्रेच्या भारतीय प्राण्यांच्या २०२ चित्रांमागे हार्डविकनं इथं पदरी ठेवलेल्या चित्रकारांची मेहनत होती. वनस्पतींच्या बाबतीत तर रॉबर्ट वाइटनं रंगय्या आणि गोविंदू या आपल्या चित्रकारांची नावं चित्रांवर घातली, आणि एका आमरीच्या वंशाला गोविंदूचं नाव दिलं. म्हणजे नाव देता येत होतं. ज्यांनी दिलं नाही त्यांना ते सुचलं नाही, किंवा द्यावंसं वाटलं नाही. ही उणीव मी झाकणार नाही. पण चित्र भिंतीवर असेल तरच मूल विचारणार ना, की हे काढलं कुणी? रिकाम्या भिंतीला कोण काय विचारतं?

साशंक : मग भिंतीवर चांगले फोटो लावा. आज पानशेतच्या, भाटघरच्या पाण्यावर हिवाळ्यात माणसं मोठाल्या लेन्स घेऊन बसलेली असतात. एकेक पीस मोजता येईल असे फोटो आहेत त्यांच्याकडे, आणि पक्षी जिवंत, इथला, आपल्या झाडावरचा.

रसिक : जरूर लावा. पण फोटो एका पक्ष्याचा असतो, एका सकाळचा. ढोकरीच पहा. एरवी चिखलाच्या रंगाची, बांधावर बसली तर दिसणार नाही, उडाली की पांढरीशुभ्र. विणीच्या दिवसांत तिच्याच पाठीवर गर्द तपकिरी-लाल पिसं येतात. फोटोत यातलं एक काहीतरी येईल. चित्रकार मात्र बरीच कातडी पुढ्यात घेऊन, या जातीचं साधारण कसं असतं, हे ठरवतो. तो निवड करतो. आजही पक्ष्यांच्या खिशातल्या पुस्तकांत चित्रंच का असतात, विचार करा. आणि हातानं रंगवण्याबद्दल बोलायचं तर यंत्राशी त्याची गाठ त्याच काळात पडली होती. ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेतला तोच ह्यूम, त्यानं मार्शलबरोबर १८७९ ते १८८१ या काळात शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले. त्यात रंगही दगडावरूनच छापले, एकेका रंगाला एकेक दगड. चित्रांवर तो स्वतःच नाराज होता. पुढं त्याच तंत्रानं रविवर्म्याच्या प्रेसनं, आधी गिरगावात आणि मग आपल्या मळवलीला, देवदेवतांची चित्रं घरोघर पोचवली, आणि तिथं ते शोभलंही. लक्ष्मीच्या साडीचा लाल थोडा इकडे-तिकडे झाला तरी चालतो. शिंजिराचा लाल बदलला तर तो दुसरीच जात होऊन बसतो. तिथं हातच लागत होता.

साशंक : आता तुम्ही मला हवा तो शब्द बोललात. निवड. कुठली पिसं ठरावीक, कुठली अपवाद, कुठला लाल खरा, हे कुणीतरी ठरवतं, आणि त्याचं ठरवणं नमुना बनून शेकडो कागदांवर उतरतं. तर मग माझी सूचना ऐका. शाळांत रंगवलेली चित्रं लावू नका. रंगाच्या आधीचा तो छाप लावा, नुसत्या रेघांचा. गूल्डच्या हिमालयाच्या ग्रंथाच्या सुरुवातीच्या प्रतींत पक्षी तेवढा रंगवलेला आणि फांदी, पानं कोरी असत. आपण आणखी एक पाऊल मागे जाऊ. मुलांच्या हातात कोरा शिंजीर द्या आणि सांगा, बाहेर जाऊन बघा, मग रंग भरा. धायटी फुललेली असताना भरा, पावसात पुन्हा भरा. खाली गाव लिहा, तारीख लिहा, वेळ लिहा, स्वतःचं नाव लिहा. लंडनच्या कागदाला जे जमलं नाही ते सगळं त्या कागदावर येईल.

रसिक : कल्पना सुरेख आहे, आणि मी ती करणार. पण तेवढ्यावर मी थांबणार नाही. पासलीची पाच मुलं पाच गळे रंगवतील. एक पळसाचा लाल, एक कुंकवाचा, एक जांभळट. तुम्ही म्हणाल, पाचही खरे, कारण पाचही पाहिलेले. मान्य. पण सहाव्या मुलाला शिंजीर ओळखायचा आहे, त्याला यातला कुठला दाखवायचा? त्या क्षणी तुम्हाला नमुना ठरवावाच लागेल.

साशंक : ठरवू. पण ठरवणारा इथला असेल, पक्ष्याच्या शेजारी राहणारा.

रसिक : असू दे की, मला आनंदच आहे. पण तो इथला असला तरी पिवळ्या रेघा मोजायला, मादीच्या पोटाची छटा नक्की करायला त्याला पक्षी हातात घ्यावा लागेल. झाडावरचा येत नाही हातात. म्हणजे मुंबईला जाऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कपाटातला खण उघडायचा, आणि आत तेच, कापूस भरलेलं, चिठ्ठी बांधलेलं.

साशंक : जाऊ दे त्याला मुंबईला. पण आधी तो मढे घाटात शिंजीर बघून गेलेला असेल. केउलेमान्स तसा गेला नव्हता.

रसिक : त्यानं नेमका काय फरक पडेल, ते मला त्याचा कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही.